मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग : ताप उतरल्यानंतरचे दिवस



मी कापडाचा व्यापारी, डॉक्टर नव्हे. जे समजून घेतले तेवढेच सांगतो. मूत्राशयातील जंतू, बहुधा ई. कोलाय, वर मूत्रपिंडात पोहोचले की थंडी वाजून ताप येतो, कुशीत व पाठीत दुखते, उलट्या होतात. वृद्धांमध्ये कधी केवळ भ्रम दिसतो आणि घरचे त्याला वयाचा दोष मानतात.

वेळेवर प्रतिजैविके मिळाल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. घात होतो तो तेथेच. गोळ्या बंद केल्या जातात! डॉक्टरांनी सांगितलेले दिवस, साधारणतः ७ ते १४, पूर्ण केलेच पाहिजेत. अन्यथा संसर्ग उलटतो, मूत्रपिंडात गळू होऊ शकते, कायमचे व्रण राहतात. रक्तात जंतू पसरले तर जिवावर बेतते.

मधुमेही आणि गर्भवती भगिनींना धोका अधिक. मुतखड्याने मार्ग अडलेला असताना ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, साचलेल्या लघवीला नळीने वाट करून द्यावी लागते.

आणि आपण गादीवर बसणारी माणसे, गिऱ्हाईक समोर असले की लघवी रोखून धरतो. आजार अंगात असताना चौविहार उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.