कोंडिविट्याचे ओसाड देऊळ
(महोत्सवानिमित्त तुंगार्ली येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी नव्या कामांची मोजदाद व्हावी हे योग्यच होय. तथापि आज आम्ही आपणांपुढे एका ओसाड देवळाची हकिकत ठेवू इच्छितो.

घाटाखाली साष्टी बेटात, अंधेरीच्या पूर्वेस, कोंडिविटे हा जुना गाव. तेथे 1579 साली येशूसंघीय धर्मगुरूंनी संत योहान बाप्तिस्त याचे देऊळ बांधले. 1588 साली ते उपासनेसाठी खुले झाले. पुढे पोर्तुगीज गेले, मराठे आले, इंग्रज आले. ग्रामस्थांनी देऊळ सोडले नाही. परंतु 1840 साली साथ आली आणि लोकांनी गाव सोडून मरोळ गाठले. जाताना त्यांनी मूर्ती व बाप्तिस्म्याचे कुंड नेले. मागे भिंती राहिल्या. 1973 साली तेथे निर्यातीच्या कारखान्यांची वसाहत झाली व ते भग्न देऊळ तिच्या कुंपणाआड गेले.

कोणी विचारील, "मूर्ती गेल्या, माणसे गेली, मग भिंती कशास राखाव्या?" आमचे उत्तर असे की, जे जगले ते मरोळास गेले, साथीत जे वारले त्यांना कोणी बरोबर नेऊ शकले नाही. त्यांनी जेथे बाप्तिस्मा घेतला व गुडघे टेकले, ती जागा हीच त्यांची खूण होय. म्हणूनच अलीकडे दर वर्षी मे महिन्यातील दुसऱ्या रविवारी भाविक तेथे जमून पवित्र मिस्सा अर्पण करू लागले.

परंतु नुसत्या भक्तीने भिंत टिकत नाही. सांध्यांत पिंपळ रुजतो. तो मोठा झाल्यावर उपटला तर दगडही निघतात, म्हणून रोप कोवळे असतानाच काढावे. चुन्याच्या जुन्या भिंतीस चुन्यानेच डागडुजी करावी. सिमेंटने ओल आत कोंडते व दगड झिजतो. पावसाळ्यापूर्वी पाण्यास वाट करून द्यावी. ही कामे लहान, परंतु दर वर्षीची आहेत.

आपले देऊळ आज भरलेले आहे, ही देवाची कृपा. तरी बाप्तिस्म्याच्या व मृतांच्या नोंदवह्या वाळवीपासून राखा, कबरींवरील नावे पुसू देऊ नका, वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून ठेवा. कोंडिविट्याच्या लोकांनी संकटातही कुंड उचलून नेले. आपणांस तर सुखाच्या दिवसांत केवळ जपणूक करावयाची आहे. ती करण्याची बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.