काटा खोटा, की इंजिन तापले?



कपाशीचे पान लाल पडले की आपण डोळे मिटून फवारा मारत नाही. तुडतुडे आहेत का, नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले का, रात्रीची थंडी वाढली का, हे आधी पाहतो. पिकअपच्या तापमानाच्या काट्याकडेही तसेच पाहावे, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे. काट्यावर विसंबून कुणी धडधाकट इंजिन खोलायला देतो. कुणी काटाच खोटा म्हणतो आणि तापलेली गाडी पिटाळतो. मग हेड वाकते, गॅस्केट जाते आणि ऐन वेचणीत भरलेला कापूस रस्त्यावर उभा राहतो. गाडीचा हप्ता काही थांबत नाही.

काटा वर गेला की आधी तो खरा धरा. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, उकळते पाणी अंगावर येते. इंजिन पुरते निवल्यावर पाणी, गळती, फॅन आणि त्याचा पट्टा पाहा. पाणी फारच कमी झाले तर सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिन भाजत असते आणि काटा मात्र खाली! तेव्हा काटा काहीही सांगो, पाणी रोज सकाळी पाहा.

हे सगळे ठीक असेल तर काट्याकडे वळा. जुन्या पिकअपमध्ये इंजिनावर, बहुधा थर्मोस्टॅटजवळ, एका वायरचा सेन्सर असतो. थंड असताना तो विजेला जास्त अडवतो, तापला की कमी. त्यावरच काटा चढतो-उतरतो.

इंजिन थंड आणि बंद ठेवून चावी फिरवा. काटा लगेच वर टेकला तर सेन्सरची वायर काढा. काटा उतरला तर सेन्सर खराब. नाही उतरला तर वायर सोलून कुठेतरी बॉडीला लागली आहे, किंवा मीटर बिघडले आहे.

काटा हलतच नसेल तर काढलेल्या वायरचे टोक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला क्षणभरच टेकवा. काटा चढला तर मीटर आणि वायर चांगले. दोष सेन्सरचा किंवा त्याच्या अर्थचा. नाही चढला तर फ्यूज, वायर, मीटर या क्रमाने पाहा. डिझेलचा काटाही मेला असेल तर आधी फ्यूजच पाहा.

२०१७ नंतरच्या बीएस-४ आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर कॉम्प्युटरला जोडलेला असतो. तिथे वायर टेकवण्याचा प्रयोग करू नका, स्कॅनर लावून घ्या.

काटा चालतो, पण कायम खालीच राहतो? थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, किंवा कुणी काढून टाकला असेल. तसे इंजिन थंडच राहते, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. थर्मोस्टॅट परत बसवा.

सेन्सर बदलणे आणि हेडचे काम, यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून कुणीही कुठलाही भाग बदलायला सांगितला तर विचारा, ‘हाच खराब आहे, कशावरून?’ पैसा आपल्या घामाचा आहे, विचारायला लाजू नका.