लिंबातलं रक्त

रत्नागिरीतल्या घरी गणपतीच्या जागरणात हातभर अंतरावरून जादू दाखवायची, तर हातचलाखीपेक्षा रसायनावर भिस्त ठेवावी. नाणं लपवताना बोट चुकतं. सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंज लावून वाळवलं, तर लिंबू कापताच आम्लामुळे रस लाल होतोच. (ते लिंबू सरबतात नको, फेकूनच द्या.) हाच प्रयोग भोंदू मांत्रिक करणी म्हणून खपवतात आणि १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी उघडा करतात. गुपित फोडलं की मजा जाते, हा आक्षेप रंगमंचापुरता खरा. कारण पुण्याच्या जादूगार रघुवीरांसारखा कलावंत तिकीट लावून करमणूक करतो, दैवी शक्ती विकत नाही. घरच्या मैफलीत मात्र आधी चकित करा, मग कारण सांगा.