मनावरील ताण आणि मद्याचा आधार

(शासकीय कर्मचाऱ्यांच्या एका प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



मद्यपानाच्या दुष्परिणामांवर आपण पुष्कळ भाषणे ऐकली असतील. सुजलेले यकृत, उपाशी मुले, फुटलेला संसार ही चित्रे भित्तिपत्रकांवर आम्ही माहिती खात्याच्या लोकांनीच छापली आहेत. आज मला त्या वाटेने जावयाचे नाही. "काय करणार, मनावर फार ताण आहे, म्हणून घेतो," हे वाक्य आपण कचेरीत आणि घरात नेहमी ऐकतो व ऐकून गप्प बसतो. मी बोलणार आहे ते त्या वाक्याविषयी.

हे वाक्य सर्वस्वी खोटे नाही. १९४६ साली मॅसरमन आणि यम या संशोधकांनी अमेरिकेत मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. खाद्याकडे जाणाऱ्या मांजराला ऐन वेळी दचकविले जाई. भूक पुढे ओढी आणि भीती मागे खेची. या ओढाताणीत सापडलेली मांजरे मद्य मिसळलेले दूध पसंत करू लागली. भीती निवारल्यानंतर ती साध्या दुधाकडे वळल्याचे आढळले. मांजराची भीती निवारणारे कोणी तरी होते, ही गोष्ट मात्र आपण विसरता कामा नये. माणसाचे कर्ज, घरातले आजारपण, वरिष्ठांचा रोष ही सकाळी उठल्यावर जिथल्या तिथे असतात.

मद्य मेंदूत काय करते ते थोडक्यात सांगतो. मेंदूची उत्तेजना आवरणारे 'गाबा' आणि ती वाढविणारे 'ग्लुटामेट' अशी दोन रसायने आहेत. मद्य पहिल्याचा परिणाम वाढविते व दुसऱ्याचा दाबते, म्हणून पहिल्या पेल्याबरोबर खांदे सैल झाल्यासारखे वाटतात. परंतु मेंदू स्वस्थ बसत नाही. रोजच्या मद्याशी जुळवून घेण्यासाठी तो उलट दिशेने जोर लावू लागतो, आणि मद्य उतरले तरी तो जोर शिल्लक राहतो. मग पहाटे तीनला दचकून जाग येते, छाती धडधडते, सकाळी हात कापतो, क्षुल्लक कारणाने संताप येतो. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल हे द्रव्यही नित्याच्या अतिरेकी पिण्याने वाढते. झोप लवकर लागते खरी, पण ती तुटक असते. संध्याकाळपर्यंत माणूस खरोखरच अस्वस्थ झालेला असतो आणि पुन्हा म्हणतो, ताण आहे. त्यातला किती ताण आयुष्याने दिलेला आणि किती कालच्या बाटलीने, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

वीस वर्षांपूर्वी मी नोकरीत नवा असताना आमच्या कचेरीत एक ज्येष्ठ लिपिक होते. अक्षर मोत्यासारखे, स्वभाव मऊ. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी कर्ज काढले होते व त्या काळजीने ते घेऊ लागले होते. दुपारनंतर ते टेबलाशी नसत. त्यांच्या वाट्याच्या फायली आम्ही आपसांत वाटून घेत असू आणि साहेबांनी विचारले, तर "बँकेत गेलेत," असे सांगत असू. आम्हाला ते माणुसकीचे वाटे. पुढे एका संकष्टीला त्यांनी देवापुढे शपथ घेतली व पिणे एकदम बंद केले. आम्ही पेढे खाल्ले. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर किडे दिसू लागले आणि ते पत्नीला ओळखेनात. जिल्हा रुग्णालयात मी वहिनींशेजारी बाकावर बसलो होतो. समजूत घालावी म्हणून म्हणालो, "कर्जाचा फार ताण घेतला त्यांनी." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, कर्ज फिटून दोन वर्षं झाली."

दोन वर्षांत आमच्यापैकी एकानेही त्यांना कर्जाचे काय झाले हे विचारले नव्हते. ताण हा शब्द एकदा स्वीकारला की पुढची चौकशी संपते. सुदैवाने वेळेवर उपचार मिळाल्याने ते वाचले व पुढे काही महिने मानसोपचार घेऊन कामावर परतले.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ जरूर घ्यावी, पण डॉक्टरांना विचारून. एकाएकी सोडल्याने झटके व भ्रम होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. दुसरे असे की, उपचार दोहोंचा व्हावयास हवा. बाटली सुटली आणि काळजी तशीच राहिली, तर बाटली परत येते. नुसते काळजीवर बोलत राहिले आणि पिणे चालू राहिले, तर काळजी शमत नाही.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. केंद्र शासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेतात, आणि मद्यामुळे उद्भवलेल्या त्रासासाठी सुमारे ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे. मदतीच्या जागाही आहेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र कार्यरत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना शुल्क नाही, व तेथे आडनाव विचारले जात नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो रात्रंदिवस चालतो, मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवला आहे. तो टिपून घ्यावा. आपल्यापैकी कोणास काही विचारावयाचे असल्यास मी चहाच्या वेळात येथेच थांबणार आहे.