दूध-पोळी आणि घरभर केस

(मंडळाच्या श्रावणातल्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या सभागृहात आजवर मधुमेह, गुडघेदुखी, मृत्युपत्र अशा विषयांवर व्याख्यानं झाली. कार्यकारिणीनं या वेळी कुत्र्याचे केस हा विषय दिला, तेव्हा आम्हालाच हसू आलं. पण समोर बसलेल्या मंडळींच्या काळ्या पँटींकडे आणि साड्यांच्या निऱ्यांकडे पाहिलं तर विषय अगदीच परका नाही, असं दिसतं.

आम्ही राज्य शासनाच्या पशुपालन विभागातली माणसं. पदविका घेऊन नोकरीला लागलेली, डॉक्टर नव्हे. गाई-म्हशींचं लसीकरण, कृत्रिम रेतन, गावोगावची शिबिरं हे आमचं रोजचं काम. पण आपला समाज असा की लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी शेजारी येऊन बसतं आणि विचारतं, "अहो, आमच्या ब्रूनोचे केस फार गळतात हो, काय करावं?" तिथे जे तुटक सांगतो, ते आज सविस्तर सांगतो.

या प्रश्नामागे अलीकडे दुसरा एक प्रश्न येऊ लागला आहे, म्हणून हा विषय आम्ही गंभीरपणे घेतो. "याला कुठे सोडता येईल का? एखादा फार्महाऊसवाला असेल तर बघा." पूर्वी वाड्याला अंगण होतं, आता तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. सूनबाईंना दमा, आजोबांच्या पाण्याच्या भांड्यात केस, देवघरात केस. माणसं वाईट नसतात, कंटाळलेली असतात. पण घरात वाढलेला लॅब्राडॉर बायपासच्या कडेला उतरवून दिला तर तो फार दिवस काढत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावर असं उपाशी मरायला सोडून देणं गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड ५० रुपयांपर्यंत लिहिलेला आहे. सराफ्यात एवढ्यात एकाचंही पोट भरत नाही. तेव्हा कायद्याच्या भरवशावर न राहता केसांचाच काही बंदोबस्त होतो का, ते बघू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कुत्र्याचे केस गळणं बंद करणारा आहार जगात नाही. केस उगवतो, वाढतो, थांबतो आणि पडतो. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की यांच्या अंगावरचे बहुतेक केस ‘थांबलेल्या’ अवस्थेत असतात, म्हणून ते झुबक्यानं पडतात. पूडल किंवा शिह त्झूचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात, म्हणून ते कमी पडतात आणि कापावे लागतात. आपल्या सोलापूर-सांगलीकडचा कारवान किंवा मुधोळचा कुत्रा घ्या: अंगाला चिकटलेले आखूड केस, आतली दाट लव जवळजवळ नाही. त्याच्या मालकाला ही तक्रार सहसा करावी लागत नाही. मालव्याच्या उन्हाळ्यासाठी घडलेलं कुत्रं सोडून आपण सैबेरियाचं आणतो आणि मग कूलरपुढे बसवतो, हा भाग वेगळा.

ही गळ दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस मोठा होऊ लागला की एकदा, लहान होऊ लागला की पुन्हा एकदा. म्हणजे होळीच्या आसपास आणि आत्ता, गणपती-नवरात्रात. घरात रात्री अकरापर्यंत दिवे चालू असतात, त्यामुळे शरीराचं हे पंचांग बिघडतं आणि काही कुत्री बारा महिने थोडे थोडे केस टाकतात. यात कोणाचा दोष नाही. मुद्दा एवढाच की पडलेल्या केसाच्या जागी येणारा नवा केस कसा येतो. तो तुकतुकीत, घट्ट यावा की रुक्ष आणि लगेच तुटणारा यावा, हे ताटात ठरतं. केस जवळजवळ सगळा प्रथिनांचा असतो, आणि कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांतला चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, एकट्या कातडी-केसांवर खर्च होतो. शरीराला कमी पडलं की ते हृदयाला, यकृताला आधी देतं. केसांची पाळी शेवटी येते.

आता आपल्या घरचं ताट पाहू. दूध-पोळी. कुठे वरण-भात, कुठे सकाळी चार ग्लुकोज बिस्किटं. लगेच कोणी म्हणेल, आमच्या वाड्यातला मोत्या जन्मभर पोळीवरच जगला. जगला, खरं आहे. पण मोत्या दिवसभर मोकळा होता, उंदीर मारत होता, गल्लीत कुठे काय मिळतं ते त्याला ठाऊक होतं. आणि अंगणात त्याचे केस मोजायला कोण बसलं होतं?

पोळी म्हणजे विष, असंही आम्ही म्हणणार नाही. हल्ली इंटरनेट वाचून आलेली मुलं आजीला तसं सुनावतात. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात ४ ते ३० पर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर राहून कुत्रा धान्य पचवायला शिकला आहे. दत्ताच्या पायाशी चार आणि खंडोबाच्या घोड्यापाशी एक, हे काही उगाच नाही. तेव्हा पोळी पचते. पोळीत आणि दुधात काय नाही, ते महत्त्वाचं.

३० किलोच्या लॅब्राडॉरला दिवसाला सहा पोळ्या आणि अर्धा लिटर दूध मिळतं असं धरा. आम्ही कागदावर हिशेब मांडून पाहिला. प्रथिनं साधारण ३७ ग्रॅम होतात. लागतात ४५ ते ६०. कमी आहेत, पण फार भयंकर तूट नाही. खरी तूट दुसरीकडे आहे. लिनोलिक आम्ल म्हणून तेलातला एक घटक असतो, तो कुत्र्याचं शरीर स्वतः बनवू शकत नाही. कातडीतला ओलावा आणि केसाची चमक त्यावर असते. तो लागतो चारेक ग्रॅम, मिळतो निम्मा. आणि जस्त लागतं सुमारे २५ मिलिग्रॅम, मिळतं सात. त्यातही गव्हाच्या कोंड्यातला फायटेट नावाचा पदार्थ जस्ताला धरून ठेवतो आणि दुधातल्या कॅल्शियममुळे ते आणखी कमी शोषलं जातं. म्हणजे पोळी आणि दूध दोघं मिळून कुत्र्याच्या अंगी जस्त लागूच देत नाहीत. वर कोणीतरी सांगितलं म्हणून पिल्लाला कॅल्शियमचं सिरप! मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाच्या डोळ्यांभोवती, तोंडाशी, कोपरांवर खपल्या धरतात आणि केस जातात, ते पुष्कळदा याच कारणानं. हस्कीत तर जस्त नीट शोषलं न जाण्याचा दोष काहींना जन्मतःच असतो. मात्र जस्ताच्या गोळ्या मनानं देऊ नका. जास्त झालं की ते विषारी ठरतं.

तेलाचा उपाय सोपा आहे आणि तो आपल्या इंदूरच्या दाराशी आहे. सोयाबीनमुळे मालव्याचं शेत पालटलं, १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्याच गावात आहे, आणि बहुतेकांच्या स्वयंपाकघरात तेलही सोयाबीनचंच आहे. त्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं. लॅब्राडॉरएवढ्या कुत्र्याला दिवसाला एक लहान चमचा कच्चं तेल जेवणावर घातलं की वरची तूट भरते. आपण घालतो काय? साजूक तूप, नाहीतर खोबरेल. दोन्हींत हे आम्ल शेकडा दोन-तीनच. तुपानं कुत्रा गुटगुटीत होतो, केस तसेच राहतात. जवसाचं तेलही लोक देतात; वाईट नाही, पण त्यातला ओमेगा-३ कुत्र्याच्या शरीरात फार थोडा कामी येतो. खाज आणि लाली असेल तर माशाचं तेल जास्त उपयोगी, मात्रा डॉक्टरांना विचारून. तेल एकदम वाढवलं तर जुलाब होतात. तळणाचं उरलेलं तेल तर मुळीच नको.

प्रथिनांसाठी उकडलेलं अंडं सर्वांत सोयीचं. एका अंड्यात सहा ग्रॅम. कच्चं देऊ नये, कच्च्या पांढऱ्यातला एक घटक बायोटिन अडवतो, आणि तेही केसांनाच लागतं. आता आपल्या काही घरांत अंडं म्हटलं की आजीचा चेहरा बदलतो, हे आम्ही जाणतो. एका घरी यावर तोडगा निघाला: गॅलरीत विजेचं छोटं भांडं, कुत्र्याची ताटली वेगळी, आणि आजी त्या वेळी जपाला बसतात. नातू बाहेर काय खातो, हेही त्यांना ठाऊक नाही असं मानायची रीत आहेच. ज्यांना तेही नको, त्यांनी दही, पनीर, भिजवून उकळून पिळलेली सोयाबडी द्यावी. सोयाबडीत निम्मी प्रथिनं असतात. थोडी द्या, पोटात वारा धरतो. नाहीतर संध्याकाळी दिवाणखान्यात बसवणार नाही.

जस्त मात्र शाकाहारी ताटातून पुरेसं मिळणं कठीण. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की निम्मं जेवण तरी तयार, संपूर्ण आहाराचं असावं. पाकीट उलटं करून वाचा. मोठ्या कुत्र्यासाठी प्रथिनं किमान १८ टक्के, पिल्लासाठी २२ च्या वर. पुढचं छापील चित्र कितीही सुंदर असो, मागचे आकडे बघा. तुलनेसाठी सांगतो, ग्लुकोज बिस्किटात प्रथिनं सहा-सात टक्के असतात. बाकी मैदा आणि साखर. बदल करायचा तो आठ-दहा दिवसांत हळूहळू.

मिठाबद्दल विचारल्याशिवाय एकही सभा संपत नाही. मिठानं केस गळतात, म्हणून कुत्र्याला अळणी द्यावं, हा समज इंदूरात घट्ट बसला आहे. त्याला आधार नाही. कुत्र्यालाही थोडं मीठ लागतंच. लोणचं, पापड, सेव देऊ नये ते खरं, पण कारण वेगळं: मिठाचा अतिरेक, मसाला, आणि सेवेतला लसूण. भाजीच्या रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. केसांचा तिथे प्रश्नच येत नाही, जीवावर बेततं.

सगळं ताटावर ढकलू नका, हेही सांगायला हवं. पावसाळ्यानंतर गोचीड वाढतात. कान, बोटांच्या फटी, शेपटीखाली रोज बघा. गोल चट्टा पडला, रात्री खाज सुटली, कातडीला वास आला तर खरूज, गजकर्ण असू शकतं. गजकर्ण आणि खरजेचा एक प्रकार घरच्या माणसांनाही लागतो. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ झाले, कुत्रा सुस्त आणि जाड होत चालला तर थायरॉईड तपासून घ्यावं. कान आणि पंजे बारा महिने खाजत असतील तर अन्नाची ॲलर्जीही असते, आणि ती बहुधा गोमांस, दूध-दुभतं, चिकन, गहू यांची असते. म्हणजे प्रेमानं पाजलेलं दूधच कारण असू शकतं. त्यासाठी आठ आठवडे एकच ठरावीक अन्न देऊन पाहावं लागतं, मध्ये पोळीचा एक तुकडाही चालत नाही. आजोबा टेबलाखालून देतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी शहरातले चांगले डॉक्टर आहेत, किंवा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे; १९५५ पासूनचं कॉलेज आहे ते, आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर.

आंघोळ आठवड्याला नको, महिन्यातून एक-दोनदा पुरे, आणि आपला शांपू नको. विंचरणं मात्र रोज दहा मिनिटं, गॅलरीत. जे केस कंगव्यात येतात ते सोफ्यावर येत नाहीत, एवढं साधं गणित आहे.

आता पंधरा दिवसांत गणपती बसतील. घरोघरी प्रसाद येईल आणि कुत्रा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसेल. पंचखाद्यात बेदाणे असतात. द्राक्ष, मनुका, बेदाणा यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ले म्हणजे होईल याचा नेम नसतो. खिरीतल्या, शिऱ्यातल्याही काढून ठेवा. चॉकलेटचे मोदक हल्ली मुलांसाठी आणतात, ते उंचावर ठेवा. दाल-बाफल्याच्या पंगतीतले तुपात बुडवलेले बाफले एकदम दिले तर स्वादुपिंडाला सूज येते. सणानंतरच्या आठवड्यात अशी कुत्री आम्ही दरवर्षी बघतो. उकडीच्या मोदकाच्या पारीचा, सारण नसलेला, एक तुकडा द्यायला हरकत नाही. त्याचाही सण आहे.

ताटात बदल करायचा तर याच सणापासून करा. चतुर्थीपासून दिवाळी साधारण आठ आठवड्यांवर असते, आणि आहार बदलल्याचा केसांवर परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आज उजेडात पाठीवरचा एक फोटो काढून ठेवा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याच जागी दुसरा काढा. फरक नसेल तर फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना त्याचा उपयोग होईल.

आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेतल्या काकूंचा हात मघापासून वर आहे.