काम गेले, उमेद जाऊ देऊ नका

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीचे कामगार. गिरणीला टाळे लागले तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी पन्नाशी गाठली होती. घराबाहेर निघालो की जो तो विचारी, "काय भाऊ, लागलं का कुठं?" या प्रश्नाला भिऊन काहीजण दिवसा बाहेर पडेनासे झाले. म्हणून आज या विषयावर बोलणे भाग आहे.

काम जाणे हा कामगाराचा गुन्हा नव्हे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यातील हजारोंना पुन्हा गिरणीत काम मिळालेच नाही. ती माणसे काय आळशी होती?

आपल्या आजा-पणजांना तर अंगात कसब असूनही दार बंद होते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ होतो म्हणे! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, 1945 मध्ये, त्याच खात्यामार्फत सरकारी सेवायोजन कार्यालये उभी राहू लागली. काम मागणे ही भीक नाही, हे त्यातून शिकावे.

मग उमेद टिकवायची कशी? नुसते "खचू नको" म्हटल्याने भागत नाही. आम्ही पाळीची वेळ सोडली नाही. सकाळी सातला अंघोळ-दाढी करून निघायचेच, तेही दोघा-तिघांनी मिळून. एकाला नकार मिळाला तर दुसरा चहा पाजी. खामगाव-मलकापूरच्या एमआयडीसीत फिरलो, दिवाळीनंतर कापूस आला की जिनिंगवर विचारले. कुठे गेलो, कोणाला भेटलो, ते वहीत लिहिले. महिन्याने वही उघडली की कळे, आपण रिकामे बसलो नव्हतो. अनुभवाचा दाखला आणि ग्रॅच्युइटी लेखी अर्ज करून मागितली; पाच वर्षे सलग नोकरी केलेल्या कायम कामगाराचा तो हक्कच आहे. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या दलालाला मात्र एक रुपया दिला नाही.

आमच्यातला कुणी जिनिंगवर लागला, कुणी वॉचमन झाला, कुणी शिलाई मशीन टाकली. काहीजण अजून शोधताहेत. त्यांना एकटे पडू देऊ नका. माता-भगिनींना विनंती, ताटावर बसलेल्या माणसाला नोकरीचे विचारू नका. आणि कार्यकर्त्यांना विनंती, या विहारात एक फळा लावा. कुठे जागा निघाली हे ज्याला कळेल त्याने त्यावर लिहावे.

धम्मात सम्यक व्यायाम सांगितला आहे, म्हणजे योग्य दिशेने सतत प्रयत्न. तो उद्या सकाळी सातला सुरू करू या. एवढे बोलून आम्ही आमचे चार शब्द संपवितो. जयभीम!