सायकल नवी असली तरी आधी पाना लावा

आज सायकलीबद्दल बोलू.

गटातून कर्ज उचलून मुलीला सायकल घेतली, असं आपल्या जुन्नर-आंबेगावात कितीतरी घरी होतं. पूर्वी ती गावातल्या सायकलवाल्याकडून यायची. आता पुण्याच्या मॉलमधून येते, नाहीतर मोबाइलवरून मागवली जाते. स्वस्तात रंगीत सायकल, पुढे शॉकअप, वर गिअर! पोरगी खूश.

स्वस्त म्हणून ती वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. खरा धोका जोडणीत असतो. अशी सायकल खोक्यात अर्धवट सुटी येते. हँडल, पायडल, पुढचं चाक नंतर बसवतात, तेही घाईत. पुढचा चिमटा चक्क उलटा बसवलेला असू शकतो. म्हणून सायकल घरी आली की पहिल्याच दिवशी गावातल्या मिस्त्रीकडे न्या आणि सगळे नट आवळून घ्या. चाकात ग्रीस आहे का, तेही बघायला सांगा. त्याचे चार पैसे होतील ते होऊ द्या. महिन्याभराने पुन्हा न्या, कारण नव्या ब्रेकच्या तारा ताणतात आणि चाकाच्या तारा सैल पडतात.

पायडलचं एक लक्षात ठेवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते उजव्यासारखं जोर लावून फिरवलं तर आटे जातात, आणि मग पायडल चालत्या सायकलीवरून निखळतं.

रोज सकाळी मुलीने स्वतः बघावं. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल वळवायचं. हँडल एकटंच फिरलं तर सायकल जागेवरच ठेवायची. मग एकेक ब्रेक दाबून सायकल ढकलायची, चाक अडलं पाहिजे. ब्रेकचे गुटके रिमवरच लागले पाहिजेत. टायरला घासत असतील तर टायर फाटतो. तळेघर, आहुपेकडच्या बायांना हे जास्त सांगायचं, कारण तिकडे उतार आणि पाऊस दोन्ही आहेत. ओल्या स्टीलच्या रिमवर गुटके घसरतात. पावसात ब्रेक लवकर आणि थोडा थोडा दाबायचा.

ओढणी गाठ मारून घट्ट बांधायची. चेनकव्हर नसलेल्या सायकलीत ओढणी कधी अडकते ते कळत नाही.

"वाढतं वय आहे, मोठीच घेऊ," हे फ्रॉकला ठीक आहे, सायकलीला नाही. सीटवरून पायाचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. सायकल घ्यायला जाताना मुलीला सोबत न्या. आणि आम्हाला विचाराल तर गिअरवाल्या स्वस्त सायकलीपेक्षा साधी सायकल बरी. तिचे सुटे भाग नारायणगाव, मंचर, घोडेगावात मिळतात आणि दुरुस्ती कुणालाही येते.

एवढं का सांगतो? सायकल वाटेत बंद पडली की पोरीला ती उसाच्या कडेने ढकलत यावं लागतं. दिवाळीनंतर लवकर अंधारतं, रस्त्यावर कारखान्याच्या ट्रॉल्या असतात, आणि बिबट्याचं तर तुम्हाला आम्ही काय सांगायचं! मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. तो तुटला तर नवा लावा, महाग नसतो.

आमचं एक सुचवणं आहे. प्रत्येक गटाने मिळून पाने, हवेचा पंप, पंक्चरचं सोल्युशन आणि ठिगळं घेऊन ठेवावीत. मिस्त्रीला एका बैठकीला बोलवा आणि पंक्चर काढायला शिकून घ्या. मुलींनाही बसवा. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं.

बिल मात्र जपून ठेवा. सायकल सदोष निघाली आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा, मराठीत बोललं तरी चालतं. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे तक्रारीची फी नाही, पण 2 वर्षांच्या आत जायला हवं. जाताना बिल, वॉरंटी कार्ड आणि मोडलेल्या भागाचा फोटो सोबत घ्या.